एका गोळीत दोन औषधे, आणि ठाऊक मात्र एकच

संपादक महोदय,
स. न.

रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या दोन्हींसाठी मिळून एकच गोळी, या विषयावर आपल्या आरोग्य पुरवणीत लेख आला आणि पाठोपाठ त्यावर एका वाचकाचे पत्रही. लेखकाला ही गोळी वरदान वाटते. पत्रलेखकाला ती औषध कंपन्यांची चलाखी वाटते. आपण ती बंद केली असून नुसती बीपीची गोळी घेतो, असे ते लिहितात. मी रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे नोकरी काढलेली फार्मासिस्ट. आता निवृत्त आहे आणि हीच गोळी स्वतः घेते: बीपीसाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम. दोन्ही लिखाणांत एक गोष्ट मुळीच आली नाही. गोळी एक झाली तरी तिच्यामागचे निर्णय दोन असतात, आणि गोळी घेणाऱ्याला ते वेगवेगळे ठाऊक असावे लागतात. खिडकीवर येणाऱ्या बहुतेकांना त्यातला एकच ठाऊक असे. ‘बीपीची गोळी द्या’ म्हणत हात पुढे यायचा. कोलेस्टेरॉलचा उल्लेखही नसायचा.

आधी पत्रलेखकांच्या संशयाविषयी. तो अगदी बिनबुडाचा नाही. ही जोडी अमेरिकेत जानेवारी २००४ मध्ये मंजूर झाली ती फायझर कंपनीची, आणि तिच्यातली दोन्ही औषधे त्याच कंपनीची, सुटी विकली जात तेव्हाही मोठ्या खपाची. दोन्ही एकत्र बांधण्यात कंपनीचे हित होतेच. पण त्या दोन्ही औषधांची मूळ पेटंटे केव्हाच संपली आहेत. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हृदयविकारासाठीच्या संयुक्त गोळ्या घातल्या. त्यांत ॲटोरव्हास्टॅटिन, ॲम्लोडिपिन आणि रक्तदाबाचेच दुसरे औषध पेरिंडोप्रिल एकत्र असलेली गोळीही आहे. त्या यादीत नाव येण्याचा कंपनीच्या खपाशी संबंध जोडता येत नाही.

‘बीपीचा आणि कोलेस्टेरॉलचा एकमेकांशी संबंध काय,’ असा त्यांचा मुख्य प्रश्न. संबंध धमनीच्या भिंतीचा आहे. दाब वाढलेला असला की धमनीचे आतले अस्तर दुखावत राहते, आणि रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, त्या अस्तराखाली शिरून साठते. दोन्ही धोके एकाच माणसात असले तर त्यांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना वाढवतात. म्हणून तर ॲस्कॉट नावाचा मोठा अभ्यास हाती घेतला गेला. ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपातल्या देशांतले, रक्तदाब असलेले आणि हृदयविकाराची आणखी किमान तीन कारणे अंगी असलेले हजारो लोक त्यात होते. त्यांपैकी १०,३०५ जणांचे एकूण कोलेस्टेरॉल फार वाढलेले नव्हते, २५० मिलिग्रॅमच्या आतबाहेर किंवा त्याहून कमी. त्या काळी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कोणी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली नसती. निम्म्यांना ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. अभ्यास पाच वर्षे चालायचा होता. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की हा भाग सव्वातीन वर्षांच्या सुमारास थांबवला आणि निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता आपल्या लेखाकडे वळते. त्यात याच अभ्यासातला ‘३६ टक्के’ हा आकडा ठळक अक्षरांत आहे. आकडा खरा आहे, हृदयविकाराचे झटके आणि त्यातून आलेले मृत्यू मिळून तेवढे कमी झाले. पण तेवढेच वाचणाऱ्याला वाटेल की शंभरातले छत्तीस जण वाचले. प्रत्यक्षात रिकामी गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी तिघांना त्या काळात असा त्रास झाला आणि औषध घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे दोघांना. म्हणजे सव्वातीन वर्षांत शंभरात एकाचे टळले. मला हा फायदा छोटा वाटत नाही. गोळी वर्षानुवर्षे घ्यायची असते आणि जितका माणसाचा मूळ धोका मोठा तितका टळणारा भागही मोठा. तरी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायला हवे होते. एकटा ३६ वाचून आलेला माणूस दोन वर्षांनी ‘मला तर काहीच फरक जाणवला नाही’ म्हणून गोळी सोडतो. जाणवण्यासारखे त्यात काही नसतेच.

दुसरी भीती ‘डबल डोस’ची. एका गोळीत दोन औषधे म्हणजे शरीरावर दुप्पट भार, असे पत्रात म्हटले आहे. हिशेब नेमका उलटा निघतो, आणि या विषयातला हा भाग मला सर्वांत आवडतो. रक्तदाबाच्या गोळीचा डोस निम्मा केला तरी दाब उतरण्याचे सुमारे ८० टक्के काम होते. ३५४ चाचण्या एकत्र करून लॉ आणि वाल्ड यांनी २००३ मध्ये हे दाखवले. त्रास मात्र बऱ्याच औषधांचा डोसबरोबर भरभर वाढतो. स्टॅटिनचे, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या औषधांचेही तसेच. डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरते. ‘जरा जास्त पावरची द्या’ म्हणणाऱ्यांना हे सांगून मी थकले. एकच औषध वाढवत नेण्यापेक्षा वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी औषधे थोड्या थोड्या डोसमध्ये जोडणे शहाणपणाचे, हा संयुक्त गोळीमागचा विचार आहे आणि तो पक्का आहे.

‘त्यापेक्षा काही नैसर्गिक नाही का?’ हाही खिडकीवरचा नेहमीचा प्रश्न. स्टॅटिनचा उगम बुरशीतला. जपानमध्ये अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ च्या सुमारास एका निळसर-हिरव्या बुरशीत पहिले स्टॅटिन सापडले. मी घेते ते ॲटोरव्हास्टॅटिन पुढे प्रयोगशाळेत घडवलेले आहे. उगम ऐकून लोक खूश होत, हे ऐकून पुन्हा नाराज.

लेखातला सर्वांत बरोबर मुद्दा गोळी नियमित घेतली जाण्याचा. रक्तदाब घरच्या यंत्रावर दिसतो. वरचा आकडा, खालचा आकडा, वहीत नोंद, शेजाऱ्याशी तुलना. कोलेस्टेरॉलला असले काही नाही. ते दुखत नाही, चक्कर आणत नाही, रक्त तपासेपर्यंत गप्प असते. त्यामुळे सुट्या गोळ्या असल्या की बीपीची पट्टी वेळेवर संपायची आणि कोलेस्टेरॉलची निम्मी उरायची. माझ्या दिरांनी तर रिपोर्ट नॉर्मल आल्याच्या आनंदात ती बंदच केली. रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आहे, हे त्यांना पटवायला घरातल्या तिघांना बसावे लागले. जोडगोळीत हा प्रश्न सुटतो, कारण कोलेस्टेरॉलचे औषध बीपीच्या औषधाबरोबर आपोआप पोटात जाते. भारतात आणि युरोपात मिळून झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अम्पायर अभ्यासात संयुक्त गोळी मिळालेल्यांपैकी ८६ टक्के लोक औषधे नियमित घेत होते, नेहमीच्या पद्धतीने सुटी औषधे घेणाऱ्यांपैकी ६५ टक्के. फरक मोठा आहे. मात्र त्याच अभ्यासात वरचा रक्तदाब सरासरी अडीच-पावणेतीन आकड्यांनीच अधिक उतरला आणि एलडीएल सुमारे चार मिलिग्रॅमने. ज्यांची औषधे आधीपासून नीट चालू होती त्यांना गोळी बदलून फारसे मिळण्यासारखे नव्हते. जे आधी औषधे चुकवत होते त्यांच्यात फरक अधिक दिसला. म्हणून ज्याला दोन सुट्या गोळ्या न चुकता घेता येतात आणि मानवतात, त्याने लेख वाचून त्या बदलण्याची घाई करू नये. हे लेखात नाही.

आणि बीपी वाढलेले नसताना ‘प्रतिबंध म्हणून’ अशी गोळी सुरू करण्याचा जो सल्ला लेखाच्या शेवटी आहे, तो तर मला खटकलाच. २०१६ मध्ये होप-३ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. हृदयविकार नसलेले, मध्यम धोक्याचे १२,७०५ लोक. त्यांच्यात रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या १० मिलिग्रॅमने फायदा झाला. रक्तदाबाच्या औषधांचा फायदा मात्र ज्यांचा वरचा आकडा १४३ च्या पुढे होता अशा वरच्या एक तृतीयांश लोकांपुरताच दिसला. बाकीच्यांना त्या अर्ध्या भागातून काही मिळाले नाही. दोन निर्णय म्हणते ते यासाठीच. या माणसाला रक्तदाबाचे औषध हवे का, आणि या माणसाला स्टॅटिन हवे का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले तरच गोळी जोडायची.

आता खिडकीवर पाहिलेले. आमच्याकडे नियमाने येणारे एक गृहस्थ मध्येच येईनासे झाले. बऱ्याच काळाने आले ते दुसऱ्या तक्रारीसाठी, हातात नवीन चिठ्ठी. विचारले तर म्हणाले, ‘त्या बीपीच्या गोळीने पाय सुजायचे, मोज्यांचे वळ उमटायचे, म्हणून सोडली.’ सूज ॲम्लोडिपिनची. सोडली मात्र स्टॅटिनही, आणि तेही त्यांना ठाऊक नव्हते, कारण त्यांच्या लेखी ती फक्त बीपीची गोळी होती. एकाच जुवाला दोन बैल जुंपलेले, एक लंगडला की दुसऱ्यालाही उभे राहावे लागते. स्टॅटिनने त्यांना काडीचाही त्रास दिला नव्हता.

या सुजेबद्दल थोडे अधिक सांगते, कारण तिच्यापायी गोळी सोडणारे पुष्कळ. ॲम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते, त्याच प्रमाणात शिरा सैल होत नाहीत. मग केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपते आणि दिवसभर उभे-बसून घोट्यांशी उतरते. शरीरात पाणी साठून आलेली ही सूज नसल्यामुळे पाणी काढायच्या गोळीने ती सहसा जात नाही. तरी सुजेवर ती गोळी लिहिली जाते, मग लघवीच्या फेऱ्या, मग पोटॅशियम उतरलेले, मग त्यावर आणखी काही. एका गोळीच्या त्रासावर दुसरी, दुसरीच्या त्रासावर तिसरी अशा लांबलेल्या चिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत. खरा उपाय बहुधा सोपा असतो: ॲम्लोडिपिन १० ची ५ किंवा ५ ची अडीच करणे, किंवा तिच्या जोडीला रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन अशा गटातले रक्तदाबाचेच औषध देणे. ही औषधे शिरांकडची बाजूही सैल करतात आणि सूज कमी होते. मात्र हे करायचे तर डॉक्टरला गोळीतला एकच आकडा बदलता आला पाहिजे. पट्टीवर ‘५/१०’ छापलेले असते. पहिला आकडा एका औषधाचा, दुसरा दुसऱ्याचा. ‘१०/१०’ वरून ‘५/१०’ वर आलेल्या एका बाईंनी मला विचारले होते, ‘आता माझा डोस निम्मा झाला का?’ बीपीचा झाला होता, कोलेस्टेरॉलचा तेवढाच होता.

यापेक्षा अधिक काळजीचे म्हणजे एकच औषध दोनदा पोटात जाणे. एक डॉक्टर संयुक्त गोळी देतात, ती कंपनीच्या नावाने. पुढे दुसरे डॉक्टर रिपोर्ट पाहून सुटे ॲटोरव्हास्टॅटिन लिहितात, तेही वेगळ्या नावाने. रुग्ण सांगताना सांगतो, ‘बीपीची गोळी चालू आहे.’ दोघांचेही चुकलेले नसते आणि स्टॅटिन मात्र दोनदा जाते. काही संयुक्त गोळ्यांत ॲस्पिरिनही असते. दात काढायला निघालेल्या एकांना दंतवैद्याने विचारले, रक्त पातळ करणारे काही चालू आहे का. ते ठामपणे नाही म्हणाले. त्यांच्या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन होते. ज्यांना पूर्वी झटका आलेला आहे त्यांच्यासाठी अशी तिहेरी गोळी खरोखर उपयोगाची आहे. २०२२ मध्ये आलेल्या सेक्युअर अभ्यासात झटका येऊन गेलेल्या २,४९९ जणांपैकी ॲस्पिरिन, रॅमिप्रिल आणि ॲटोरव्हास्टॅटिनची एकत्र गोळी घेणाऱ्यांत पुन्हा झटका, पक्षाघात, तातडीने करावी लागलेली अँजिओप्लास्टी किंवा बायपास, हृदयविकाराने मृत्यू यांचे मिळून प्रमाण ९.५ टक्के निघाले, तर सुटी औषधे घेणाऱ्यांत १२.७. पण ज्याला कधी काही झालेले नाही त्याला रोजचे ॲस्पिरिन म्हणजे रक्तस्रावाचा धोका विनाकारण पत्करणे ठरू शकते. तिसरा घटक आहे की नाही, एवढे तरी गोळी घेणाऱ्याला ठाऊक नको?

अशीच अडचण मध्येच दुसरे औषध आले की होते. छातीच्या संसर्गाला क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले की त्याने ॲटोरव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी वाढते आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर म्हणतात, ‘हा कोर्स होईपर्यंत कोलेस्टेरॉलची गोळी थांबवा.’ सुटी गोळी असेल तर थांबवता येते. जोडगोळी घेणारा काय थांबवणार? बीपीसकट सगळेच थांबवतो, नाहीतर काहीच थांबवत नाही. तेवढ्या दिवसांपुरते बीपीचे औषध सुटे लिहून घ्यायचे असते. क्लॅरिथ्रोमायसिन ॲम्लोडिपिनचाही परिणाम वाढवते, तेव्हा चक्कर येते का आणि दाब फार उतरतो का याकडेही लक्ष हवे. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी तर अशी कोणतीही संयुक्त गोळी चालू असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावे. स्टॅटिन सहसा थांबवतात आणि रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनच्या गटातली औषधे गर्भाला घातक आहेत.

स्टॅटिनने अंग दुखते, या पत्रलेखकांच्या तक्रारीला मी हसणार नाही. पण साठ जणांवरचा एक सुरेख अभ्यास आहे, सॅमसन नावाचा. स्टॅटिनने त्रास होतो म्हणून ते सोडून दिलेल्या लोकांना काही महिने स्टॅटिन, काही महिने रिकामी गोळी, काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. त्रास गोळी घेतल्याने होत होता हे खरे निघाले, पण त्यातला सुमारे ९० टक्के रिकाम्या गोळीनेही झाला. दुखणे खरे असते, त्याचे कारण मात्र दर वेळी औषधातले रसायनच असते असे नाही. मात्र पाय उचलत नाहीत इतका अशक्तपणा आला, लघवी गडद तपकिरी झाली, तर अभ्यासबिभ्यास बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे.

गोळी सकाळी की रात्री, यावर आपल्या लेखात मोठी चौकट आहे. ॲम्लोडिपिनचे शरीरातले प्रमाण निम्मे व्हायलाच दीड-दोन दिवस लागतात, ॲटोरव्हास्टॅटिनचा परिणामही दिवसभर पुरतो, तेव्हा रोज एका ठरलेल्या वेळी घेतली की झाले. रात्रीचा नियम सिम्व्हास्टॅटिनसारख्या, परिणाम लवकर उतरणाऱ्या स्टॅटिनांचा. आणि सिम्व्हास्टॅटिन ॲम्लोडिपिनबरोबर घ्यायचे तर दिवसाला २० मिलिग्रॅमच्या पुढे नको. ती चौकट याला द्यायला हवी होती.

आपल्याकडे माझी मागणी एवढीच: यापुढे अशा लेखात कंपनीचे नाव येईल तिथे शेजारीच घटकांची नावे आणि मिलिग्रॅम छापा, देवनागरीत, त्याच आकाराच्या अक्षरांत. माझ्या व्यवसायबंधूंना सांगणे असे की पट्टीवरची मुंगीएवढी अक्षरे वयस्कांना वाचता येत नाहीत. आम्ही पाकिटावर बॉलपेनने दोन ओळी लिहीत असू, ‘ॲम्लोडिपिन ५, बीपी’ आणि ‘ॲटोरव्हास्टॅटिन १०, कोलेस्टेरॉल’. रांग लांब असली तरी. काही रुग्ण ते पाकीट जपून ठेवायचे आणि पुढच्या डॉक्टरला दाखवायचे. त्या डॉक्टरांचे काम तिथेच सोपे व्हायचे.

पत्रलेखकांसाठी एक विनंती. तुम्ही बीपीची गोळी चालू ठेवलीत हे चांगले केले. स्टॅटिन थांबले की त्याचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, तेव्हा बंद करून दीड-दोन महिने झाले असतील तर आता एलडीएल तपासून घ्या. गोळी चालू असतानाचा जुना रिपोर्ट शोधून ठेवा, त्या गोळीची रिकामी पट्टी असेल तर तीही, आणि तिन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. पूर्वी झटका आला असेल किंवा मधुमेह असेल तर महिना-दोन महिने थांबू नका, याच आठवड्यात जा.

आपली,
एक निवृत्त रुग्णालयीन फार्मासिस्ट